उसनी पोरं

(हिर्डोशीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीवरून भोरकडे उतरणारी जुनी मोटार. शनिवारची दुपार, शाळा नुकतीच सुटलेली. गाडी चालवताहेत मुख्याध्यापक गंगाधर सर. शेजारी त्यांच्या शाळेतल्या दुसऱ्या आणि शेवटच्या शिक्षिका, शुभदा.)

गंगाधर : ...आणि ते मधले साहेब, चष्मेवाले, ते तर म्हणाले की इतके ठसठशीत इंग्रजी उच्चार आम्ही पुण्यातसुद्धा ऐकले नाहीत. तुमच्याकडे बघूनच म्हणाले. ऐकलंत ना, मॅडम?

शुभदा : ऐकलं.

गंगाधर : मग जरा हसा की. लग्न लावून निघालोय आपण, आणि तुमचा चेहरा दहाव्याला आल्यासारखा.

शुभदा : सर, आपली मुलं कुठं होती?

गंगाधर : कुठली?

शुभदा : आपली. ज्यांच्या नावावर सरकार आपल्या दोघांना पगार देतं, ती.

गंगाधर : होती की. व्यवस्थित होती. आपल्या खिचडीवाल्या ठकुबाईंना बसवलं होतं त्यांच्यापाशी.

शुभदा : कुठं?

गंगाधर : भैरोबाच्या देवळात. सावली आहे, नवी फरशी आहे, वारा येतो. आपल्या वर्गात पंखा कुठं आहे?

शुभदा : पाठ चालू असताना मी तुम्हाला हळूच विचारलं, तर म्हणालात शेजारच्या खोलीत आहेत, बसायला जागा पुरत नाही, पुढचा तास त्यांचा.

गंगाधर : आदर्श शाळा निवडणारं पथक समोर बसलेलं. तेव्हा दुसरं काय सांगणार?

शुभदा : आणि सकाळी मला पथकाच्या गाडीतून यायला सांगितलंत. रस्ता दाखवायला. सर, धरणाच्या कडेनं एकच रस्ता येतो आणि तो वाडीत येऊन संपतो. तो दाखवायला माणूस लागतो म्हणालात तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गंगाधर : तुम्ही फार ताणून धरता. आपण काय खोटं केलं? मुलं खरी, पाठ खरा, शिक्षिका खरी.

शुभदा : मुलं भोरची. तुमच्या सूनबाईंच्या क्लासमधली. पहिल्या रांगेत तुमचा नातू.

गंगाधर : अद्वय हुशार आहे. त्याला नातू म्हणून नाही बसवलं.

शुभदा : नाही, टाय होता म्हणून बसवलंत.

गंगाधर : तुमची ती गळ्याला हात लावायची युक्ती मात्र साहेबांना फार आवडली हं. फोटो काढले. म्हणाले, हे राज्यभर न्यायला पाहिजे.

शुभदा : अद्वयनं गळ्याला हात लावला होता तो घसा बसल्यासारखा. कशाला लावायचा हे त्याला कुठं माहीत होतं? आपली मुलं वर्षभर लावतायत. शब्दाच्या शेवटी गळा घुमला तर ड, नाही घुमला तर ट, आणि शब्दच ट-ड नं संपत असेल तर इड. लिहायला तिन्हीकडं ई-डी. आपला कुमार झोपेतसुद्धा ‘वॉश्ट’ म्हणेल. आणि तुमचा अद्वय सरसकट ‘एड’. वॉश-एड, वॉक-एड, जम्प-एड. साहेब आपले माना डोलवतायत.

गंगाधर : मग लिहिलंय ई-डी, तर वाचलं एड. त्यात पोराचं काय चुकलं? साहेबही तसंच म्हणत होते.

शुभदा : साहेबांनाही कुणीतरी तुमच्यासारख्यांनीच शिकवलं असेल.

गंगाधर : म्हणजे?

शुभदा : मला पाचवीत इंग्रजी कुणी शिकवलं, सर?

गंगाधर : मीच. आणि पहिला नंबर आला होता तुमचा.

शुभदा : आला होता. त्या पहिल्या नंबरासकट पुण्याला गेले, कॉलेजात पहिल्याच दिवशी उभी राहून म्हणाले, ‘आय टॉक-एड टू माय टीचर.’ अख्खा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी कुणाशी काही टॉक-एड केलं नाही.

गंगाधर : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

शुभदा : तुम्हाला वाईट वाटलं असतं.

गंगाधर : मलाही माझ्या गुरुजींनी तसंच शिकवलं होतं हो.

शुभदा : म्हणूनच नाही बोलले. ही युक्ती मी त्यासाठी शोधली, सर. या वाडीतल्या पोरींना कुठल्या वर्गात उभं राहून तसं ऐकून घ्यायला लागू नये म्हणून. पथकासाठी नाही.

गंगाधर : मला कळतं. पण पथकालाही काहीतरी दाखवायला लागतंच ना? पट बघा आपला. दोन हातांची बोटं पुरतात. बंद करायच्या शाळांच्या यादीत आपलं नाव वरच्या ओळीत आहे. उद्या शाळा बंद झाली तर ही पोरं पावसाळ्यात ओढा ओलांडून हिर्डोशीला जाणार? मी वाडीसाठी केलं हे. ‘आदर्श शाळा’ अशी एकदा पाटी लागली की कुणी हात लावत नाही.

शुभदा : आणि मेमध्ये तुमची निवृत्ती आहे.

गंगाधर : आहे. मीही माणूस आहे. जाताना पाटीवर नाव राहावं असं वाटलं तर गुन्हा झाला का?

शुभदा : आपली मुलं बसवली असती तरी पाटी लागली असती.

गंगाधर : बुजरी आहेत हो. मागच्या तपासणीला आठवतंय? साहेबांनी कुमारला ‘गुड नेम’ विचारलं, तर पोरगं खाली मान घालून गप्प.

शुभदा : आपलं नाव चांगलं आहे की नाही हे स्वतः कसं सांगायचं, असं वाटलं त्याला. संकोची आहे, बुजरा नाही. आणि तुमची धीट मुलं आज काय बोलली? साहेबांनी विचारलं, काल काय केलंत ते इंग्रजीत सांगा. अद्वय म्हणाला, ‘आय शॉप-एड इन मॉल.’ दुर्गम भाग, सर.

गंगाधर : मी लगेच सावरलं. मामाकडं गेला होता म्हणालो.

शुभदा : मग ती शुभ्रा. ‘वी प्लान्टेड स्ट्रॉबेरी.’ सगळ्या पाठात तेवढा एक उच्चार बरोबर आला, कारण तो शब्द मुळातच तसा आहे. साहेबांनी शेऱ्यात लिहून घेतलं, वाडीत स्ट्रॉबेरीची यशस्वी लागवड. आता शेतीखात्याचे लोक बघायला आले की काय कराल?

गंगाधर : महाबळेश्वर काही फार लांब नाही.

शुभदा : तुम्ही विनोद करताय, असं मी धरून चालते.

गंगाधर : बरं, ते सोडा. सोमवारचं बोलू. मोठे साहेब येतायत, शेवटची फेरी. पाठ तोच, तुम्हीच घ्यायचा. काही बदलू नका. सूनबाईला, नीरजाला सांगून ठेवलंय, मुलं आठला निघतील.

शुभदा : पुन्हा तीच मुलं?

गंगाधर : आता चेहरे बदलून कसं चालेल? फोटो गेलेत ना वर.

शुभदा : फोटो बऱ्याच ठिकाणी गेलेत. तुमच्या नीरजानं स्टेटस ठेवलंय, हे बघा. ‘आमच्या क्लासच्या विद्यार्थ्यांची दुर्गम शाळेला प्रेरणादायी भेट.’ मागं खुर्च्यांवर पथक स्पष्ट दिसतंय.

गंगाधर : काय? कधी ठेवलं? अहो, लावा तिला फोन. काढायला सांगा आधी.

शुभदा : रेंज गेली. जरा हळू घ्या, फाट्यावर कोण उभं आहे? ठकुबाई दिसतायत. बरोबर त्यांची नात, आपली स्नेहल आहे. थांबवा, सर.

गंगाधर : एसटी येईल त्यांना.

शुभदा : एसटी मघाशीच आपल्या पुढं गेली. थांबवा.

ठकुबाई : लई बेस झालं बगा, गुरुजी. डोळ्यांदेखत गाडी गेली आमची. भोरच्या स्टँडावर सोडा आमाला. तिथनं कापूरव्हळची गाडी धरतो, शिवऱ्याला लेकीकडं चाललोय. चढ गं आत, स्नेहल. त्या हारावर बसू नगंस, सरकव त्यो.

शुभदा : स्नेहल, पुढं येतेस माझ्याजवळ?

ठकुबाई : बसू द्या तिला हितंच खिडकीला.

गंगाधर : पेढा घे, बाळ. मागं खोक्यात आहेत. घे, घे. काय गं, पेढा नको म्हणणारी पोरगी आज पहिल्यांदाच बघतोय.

ठकुबाई : पाठ संपल्यापासनं तोंड शिवून बसलीया. खिचडीला बी शिवली न्हाई. न्हाईतर सकाळी काय नाचत व्हती! काल सांजच्याला फ्रॉक धुतला, आन् कोंबडा आरवायच्या आदी उठून तांब्यात चुलीतलं इंगळ घालून त्याला इस्तरी केली. म्हनली, आजे, आज बाई मला उठिवनार हायत. मला समद्यात आवगड शब्द इचारनार हायत.

शुभदा : ‘कॅरीड’. तो ठरला होता आमचा. शेवटचा वाय जाऊन तिथं आय येतो तो. सगळ्यांचा चुकतो, हिचा चुकत नाही.

ठकुबाई : त्यातलं मला काय कळतंय? पर लई घोकत व्हती. गुरं सोडताना, पानी भरताना.

गंगाधर : ठकुबाई, तुमचा शिरा मात्र फार छान झाला होता हं. साहेबांनी दोनदा घेतला.

ठकुबाई : झाला असंल. आमच्या पोरांस्नी काय उरला न्हाई, म्हनून इचारलं न्हाई कुनी.

शुभदा : देवळात मुलं काय करत होती, ठकुबाई?

ठकुबाई : काय करनार? बसली व्हती. आता देऊळ काय लांब हाय का शाळंपासनं? समदं ऐकू येत व्हतं. तुमी आत म्हनला, हात गळ्याला, की हिकडं समद्यांचं हात गळ्याला. म्या म्हनलं, आगं बया, समद्यांस्नी येकदम उचकी लागली का काय! त्यो कुमार तर खांबाआड हुबा ऱ्हायला. आत तुमी इचारायचा आन् हिकडनं त्यो जबाब द्यायचा. हळूच. देवाला बी ऐकू जाऊ नये असा.

गंगाधर : बघा मॅडम! म्हणजे कुणाचाच अभ्यास बुडाला नाही.

शुभदा : तुम्ही पुढं बघून गाडी चालवा, सर.

ठकुबाई : मंग मधीच ही समदी त्वांड दाबून हसाया लागली. म्हनलं, गपा रं, सायेब ऐकत्याल. तर म्हनली, आजे, ती आतली पोरं चुकत्यात. आता बाई थांबिवत्याल. समदी कान लावून बसली. आता थांबिवत्याल, आता थांबिवत्याल. तुमी काय थांबिवलं न्हाई, बाई. उलटं आतनं टाळ्या आल्या. तवा मंग हसायची थांबली.

शुभदा : नाही थांबवलं मी.

ठकुबाई : म्या तुमाला बोल लावत न्हाई. तुमच्या मनात काय आसंल, तुमाला ठावं. पर येक सांगू का? पोरांस्नी तुमी आदल्या दिशी सांगायला पायजे व्हतं. की बाबांनू, तुमी कच्ची हायसा, तुमचं काम न्हाई ह्ये. आसं दारातनं उठिवलेलं लागतं जिवाला.

शुभदा : मी कच्ची म्हणाले? कुणाला?

ठकुबाई : ह्यास्नीच की. समद्यांस्नी.

गंगाधर : ठकुबाई, तो विषय आता कशाला? भोर आलंच बघा.

ठकुबाई : आलं कुठं? आजून निम्मं बी न्हाई आलं. आन् तुमीच तर सांगिटलं की, गुरुजी.

शुभदा : काय सांगितलं गुरुजींनी?

ठकुबाई : सकाळी ती मोठी गाडी भरून पोरं उतरली न्हवं का. गुरुजी आमच्या पोरांस्नी म्हनले, उठा, चला देवळात. येक बी उठंना. ही स्नेहल तर फळ्याला पाठ लावून बसली. म्हनली, बाईंनी आमाला हितं बसा म्हनून सांगिटलंय. तवा गुरुजी म्हनले, आगं बाईंनीच निरोप धाडलाय. बाई म्हनल्या, ही आजून कच्ची हायत, त्यास्नी देवळात बसवा आन् भोरची हुशार पोरं वर्गात घ्या. येवढं आयकलं, मंग उठली. गुमान उठली. फ्रॉक सारखा केला आन् गेली.

शुभदा : सर.

गंगाधर : रस्ता बघा कसा झालाय. टेंडर निघून वर्ष झालं...

शुभदा : सर, माझ्या नावानं सांगितलंत?

गंगाधर : मग काय करणार होतो? पथक हिर्डोशीपर्यंत आल्याचा फोन आलेला. माझं ऐकतात का ती? इतकी वर्षं शाळेत आहे मी, माझ्या शब्दावर एक पोरगं जागचं हलत नाही. तुमच्या शब्दावर हलतात. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा, म्हणून तुमचं नाव घेतलं. खरं तर ही तुमच्या कौतुकाची गोष्ट आहे.

शुभदा : गाडी थांबवा.

गंगाधर : इथं? इथं काय आहे?

शुभदा : काही नाही. थांबवा.

गंगाधर : अहो, चालत जाणार का भोरला? लोक काय म्हणतील?

शुभदा : चालत नाही जात. मागं बसायचंय मला. सरका जरा, ठकुबाई. तो हार द्या इकडं. सर, हा तुमचा, पुढं ठेवा. हं, आता चला.

गंगाधर : शुभदा, हे बघ. तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे मी.

शुभदा : मॅडमच म्हणा.

गंगाधर : पोरीसमोर मुख्याध्यापकाला खोटं पाडणार तुम्ही? मग सोमवारपासून शाळेत माझं कोण ऐकेल?

शुभदा : आत्ताच म्हणालात, कुणी ऐकत नाही. म्हणजे तुमचं काही जायचं नाही. स्नेहल, इकडं बघ. नको बघूस, नुसतं ऐक. मी तसा निरोप पाठवला नव्हता. मी तुम्हाला कच्चं म्हणाले नव्हते. मला त्या गाडीत बसवून दिलं होतं, आणि मी आले तेव्हा ती मुलं बसलेली होती.

ठकुबाई : आयकलंस का गं? बाई म्हनत्यात, त्यांनी न्हाई सांगिटलं.

गंगाधर : म्हणजे मी खोटारडा. बरोबर? लावा बिल्ला. तीस वर्षं या डोंगरात घासली, त्याचं हे.

ठकुबाई : गुरुजी, तुमी जरा गप ऱ्हावा. पोरगी काय तरी बोलतीया.

स्नेहल : पन शिकिवलं ना.

शुभदा : काय, बाळ?

स्नेहल : तुमी न्हाई सांगिटलं. पन त्यास्नी शिकिवलं ना तुमी. ‘शाब्बास’ म्हनला. आमाला आयकू आलं.

शुभदा : हो. म्हणाले.

स्नेहल : त्यो पोरगा ‘वॉश-एड’ म्हनला तवा.

शुभदा : हो.

स्नेहल : आमी चुकल्यावर तुमी न्हाई म्हनत शाब्बास.

शुभदा : नाही म्हणत.

ठकुबाई : आगं, मोटं सायेब व्हतं समोर. बाईंची बी नोकरी हाय.

शुभदा : नको, ठकुबाई. तिचं बरोबर आहे. साहेब बघत होते, मला भीती वाटली. मी खडू ठेवून बाहेर यायला हवं होतं. नाही आले.

गंगाधर : आणि आला असतात तर? शाळा गेली असती. हिलाच ओढ्यातनं जायला लागलं असतं. मुलांना हे कोण सांगणार? मलाच वाईट व्हायला लागतं प्रत्येक वेळी. बरं, झालं ते झालं. सोमवारी साहेब येतायत, तेवढा दिवस निभावून न्या. नंतर तुम्ही म्हणाल ते. पाहिजे तर मुलांची माफी मागतो मी, खाऊ वाटतो.

ठकुबाई : सोमवारी बी येनार हायत व्हय ती पोरं? मंग आमच्यांस्नी पुन्ना देवळात न्यायचं का म्या? तेवढं आत्ताच सांगून ठेवा. म्हंजी कुनी इस्तरी करत बसायचं न्हाई.

शुभदा : कुणी देवळात जायचं नाही. सोमवारचा पाठ मी घेणार. वाडीच्या मुलांचा. भोरची गाडी आली तर आली तशी परत जाईल. नाहीतर माझ्याशिवाय पाठ घ्या, सर. अद्वयच घेईल, हुशार आहे.

गंगाधर : तुम्हाला नोटीस निघेल.

शुभदा : निघू दे. मीच पोहोचवीन कचेरीत, रस्ता एकच आहे. स्नेहल, ऐकलंस? सोमवारी तुम्ही यायचं. पुढच्या रांगेत बसायचं. मोठे साहेब येवोत, नाहीतर आणखी कुणी. मी सांगतेय ना.

ठकुबाई : बोल की गं. बाई काय म्हनत्यात?

स्नेहल : आमी यिऊ, बाई.

शुभदा : नक्की?

स्नेहल : व्हय. पन तुमी आदी गुरुजींना इचारा.